आधी उंट बांधा : इस्लामी रीतीने उमेद धरायचा क्रम

निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यात आपल्या घरांतून एक वाक्य दिवसातून दहादा ऐकू येतं, "अल्लाह मालिक आहे." वाक्य खरं आहे, चुकते ती वेळ. मुलीचा शाळेचा दाखला आणायचा राहिलाय, साखरेची तपासणी वर्षभर झालेली नाही, सोसायटीचं कर्ज किती उरलंय ते कुणालाच माहीत नाही, आणि आपण पहिल्याच पायरीवर हे वाक्य म्हणून मोकळे होतो. काम फसलं की मग दुसरं वाक्य तयार असतं, "आमच्या नशिबातच नाही ओ सर."

या दोन वाक्यांच्या मध्ये जे करायचं असतं, ते पुढे लिहिलं आहे. मी आलिम, म्हणजे धर्माचा जाणकार, नाही. तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. संध्याकाळी कट्ट्यावर बसलो की लोक येऊन बोलतात, आणि बहुतेकांचं एकाच जागी अडलेलं दिसतं, ते म्हणजे क्रम. कुरआनात तो क्रम एकाच आयतीत आला आहे (सूरह आले इम्रान, १५९): त्यांच्याशी सल्लामसलत करा, मग निश्चय झाला की अल्लाहवर भरवसा ठेवा. मशवरा, निश्चय, तवक्कुल. आपण उलट्या बाजूने सुरू करतो.

## तयारी

एक शंभर पानी वही लागेल. मोबाईलमध्ये लिहू नका. तिथे लिहिता लिहिता माणूस दुसरीकडेच भटकतो.

रोजची एक वेळ ठरवा. फज्रनंतरची, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतरची, दहा मिनिटं सगळ्यांत चांगली, पण त्याच वेळी नळाला पाणी येत असेल तर हट्ट धरू नका. बिडी वळणाऱ्या बायकांना दुपारी जोहरनंतर बसता येतं. वेळ कुठलीही चालेल, रोज बदलू मात्र नये.

वाचून समजेल अशा भाषेतलं कुरआनचं भाषांतर हाताशी ठेवा. उर्दू नीट येत नसताना उर्दू भाषांतर मांडीवर घेऊन बसण्यात काही सवाब, म्हणजे पुण्य, वाढत नाही. मराठी भाषांतरं मिळतात.

आणि एक माणूस हेरून ठेवा. तुमचं ऐकून घेणारा, बाहेर न बोलणारा, आणि "होय की, होय की" न करणारा.

सुरू करण्याआधी तपासा. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, मरणाचे विचार येतात, यांतलं काही होत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. १४४१६ हा टेली-मानसचा फुकट क्रमांक आहे. धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, डिमहान्स. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी म्हटलंय, अल्लाहच्या बंद्यांनो, उपचार करा, म्हातारपण सोडून असा आजार नाही ज्याची दवा अल्लाहने ठेवलेली नाही. "ईमान कमजोर झालंय म्हणून असं होतंय" असं आजारी माणसाला कुणी सांगत असेल, तर त्या सांगणाऱ्याला आधी घराबाहेर काढा.

## १. दुःखाचे दोन रकाने करा

पैगंबर (स.) बऱ्याचदा मागत असलेली एक दुआ आहे: अल्लाहुम्म इन्नी अऊजु बिक मिनल हम्मि वल हजन, वल अज्जि वल कसल... उच्चार कुरआन पाठ असलेल्या हाफिजसाहेबांकडून दुरुस्त करून घ्या. त्यात आठ गोष्टींपासून पनाह, म्हणजे आसरा, मागितली आहे. पहिल्या दोन आहेत हम्म आणि हजन. उलमा, म्हणजे धर्माचे जाणकार, त्यांचा फरक सांगतात तो असा: हम्म म्हणजे पुढे काय होईल याची चिंता, हजन म्हणजे होऊन गेलेल्याचं दुःख. त्यानंतर येतात लाचारी आणि आळस, कंजुषी आणि भित्रेपणा, आणि शेवटी कर्जाचं ओझं आणि माणसांची दादागिरी. ही यादी एकदा सावकाश वाचा. आपल्या गल्लीतलं कुठलं घर यातून सुटतं?

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे "गेलेलं", उजवीकडे "येणारं". मनात घोळणारी प्रत्येक गोष्ट एका बाजूला टाका. "सगळंच बिघडलंय" असं लिहायचं नाही, नेमकं लिहायचं. 'धाकट्याची फी ऑगस्टात भरायची, आठ हजार कमी पडतात' असं.

आता डाव्या रकान्याकडे या. हदीस, म्हणजे पैगंबरांचं (स.) सांगणं, आहे की ताकदवान मोमिन, म्हणजे ईमानवाला, कमजोर मोमिनपेक्षा अल्लाहला जास्त प्रिय आहे. फायद्याच्या गोष्टीची हाव धर, अल्लाहची मदत माग, हात टेकू नकोस, आणि काही विपरीत घडलं तर 'मी असं केलं असतं तर' म्हणू नकोस, 'कद्दरल्लाहु व मा शाअ फअल' म्हण, अल्लाहने ठरवलं आणि त्याने हवं ते केलं. कारण 'जर' हा शब्द शैतानाच्या कामाला वाट करून देतो. डाव्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीवर हे म्हणा आणि ओळ खोडा.

थांबा. खोडण्याआधी त्या ओळीत कुणा माणसाचा हक्क अडकलेला नाही ना, ते बघा. भावाचे पैसे द्यायचे आहेत, बहिणीचा वाटा दिलेला नाही, शेजाऱ्याला वाईट बोललोय, अशी ओळ खोडायची नाही. ती उजवीकडे न्यायची, काम म्हणून. बहिणीचा वाटा दाबून "अल्लाहची मर्जी" म्हणणारे मी बरेच पाहिलेत.

## २. रबविषयीचा अंदाज दुरुस्त करा

हदीस-ए-कुदसी आहे, म्हणजे पैगंबरांनी (स.) सांगितलेला अल्लाहचा शब्द: "माझा बंदा माझ्याविषयी जसा अंदाज बांधतो तसा मी त्याच्याशी असतो." या चांगल्या अंदाजाला हुस्ने-जन म्हणतात. आपल्या उमेदीचं मूळ इथे आहे. इतकं, की वफातीच्या, म्हणजे निधनाच्या, तीन दिवस आधी पैगंबरांनी (स.) सांगितलं, तुमच्यापैकी कुणीही अल्लाहविषयी चांगला अंदाज बाळगल्याशिवाय मरू नये.

इथे दोन चुका होतात, आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत.

पहिली: अल्लाह फक्त शिक्षा करतो, असं मनात बसलेलं असतं. लहानपणी आपल्याला भीती घालूनच शिकवलेलं असतं. वळीव लवकर कोसळला तरी अजाब, म्हैस आटली तरी अजाब. त्यावर सूरह जुमरची ५३ वी आयत रोज वाचा: ज्यांनी स्वतःवर अत्याचार केलाय अशा माझ्या बंद्यांनो, अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नका. हाक कुणाला मारली आहे ते बघा. नेक लोकांना नाही, चुकलेल्यांना. आणि त्या हाकेतही त्यांना "माझे" म्हटलंय.

दुसरी: चांगला अंदाज म्हणजे मला हवं तेच मिळणार, अशी समजूत. इमाम गझालींनी यावर शेतकऱ्याचा दाखला दिलाय, आणि तो आपल्या भागात समजावून सांगावा लागत नाही. चांगल्या जमिनीत चांगलं बी पेरलं, तण काढलं, पाणी दिलं, आणि मग पिकाची वाट बघितली, ती उमेद, म्हणजे रजा. न पेरता वाट बघितली तर ती फसवणूक, म्हणजे गुरूर. जूनमध्ये सोयाबीन न टोकता दसऱ्याला मळणीयंत्र सांगून ठेवणाऱ्याला गावात काय म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक आहे.

तपासा. वहीत उजव्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीपुढे लिहा, 'पेरलंय' की 'नाही'. 'नाही' जास्त निघाली तर घाबरू नका, पायरी चारमध्ये त्यांचंच काम आहे.

सूरह अश-शरहमधली आयतही याच पायरीवर पाठ करा: कष्टाबरोबर सुलभता आहे. लागोपाठ दोनदा आली आहे. बहुतेक जण ती "कष्टानंतर सुख" अशी सांगतात. मूळ शब्द 'मअ' आहे, म्हणजे सोबत. म्हणून रोज रात्री शोधायचं ते आज, या अडचणीतच, काय सोपं झालं. दवाखान्यात रांगेत कुणी जागा दिली, एवढं चालतं.

## ३. जीभ आणि शकुन

मांजर आडवं गेलं, पाल चुकचुकली, निघताना कुणी शिंकलं, आज अमावस्या. हे सगळं आपल्या घरांतही आहे, वर सफर महिन्याची तेरा तेजी, म्हणजे त्याचे पहिले तेरा दिवस अशुभ मानणं, आहेच. लग्न नको, नवा धंदा नको, प्रवास नको. पैगंबरांनी (स.) अपशकुनाला आधार नाही असं स्पष्ट सांगितलं, त्याच हदीसमध्ये सफर महिन्याच्या अशुभपणाचाही इन्कार आला आहे. फाल मात्र मला आवडतो, असंही ते म्हणाले. फाल म्हणजे काय, विचारल्यावर उत्तर मिळालं: चांगला शब्द.

चांगला शब्द कसा वापरायचा, ते मक्केजवळ हुदैबियाला दिसतं, हिजरी ६, इसवी ६२८. उमरा, म्हणजे काबाची यात्रा, करू न देता मक्केवाल्यांनी वाट अडवली होती, बोलणी फिसकटत होती. तेवढ्यात त्यांच्याकडून सुहैल बिन अम्र येताना दिसले. सुहैल हे नाव 'सहल'वरून, म्हणजे सोपं. पैगंबर (स.) सोबत्यांना म्हणाले, तुमचं काम आता सोपं झालं. त्यांनी त्या नावाच्या भरवशावर करार सोडून दिला नाही. बसून एकेका कलमावर बोलले. शब्दाने मन उभं केलं, काम कामानेच झालं.

घरात हे असं करा. आठवडाभर फक्त ऐका, आपण काय काय बोलतो ते. "या पोराचं काही खरं नाही", "आमचं कुठं व्हायचंय", "मेलेलं बरं". यांतलं जे जास्त वेळा येतं ते वहीत लिहा आणि त्याला दुसरा खरा शब्द शोधा. खोटा नको. नापास झालेल्या पोराला "तू हुशार आहेस" म्हणू नका, तो तुमच्यावर हसेल. "गणित राहिलंय, पुरवणी परीक्षा आहे" म्हणा.

## ४. उंट बांधा

एकाने पैगंबरांना (स.) विचारलं, उंट बांधून तवक्कुल करू की मोकळा सोडून? उत्तर आलं: बांध, आणि तवक्कुल कर. ही हदीस सगळ्यांना पाठ आहे. बांधायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

माझंच सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात वेदगंगेचं पाणी चढलं, यमगर्णीजवळ हमरस्ता बंद झाला, आणि आमच्या जुन्या घरात कमरेइतका गाळ आला. पाणी ओसरलं. मी सब्र करणारा माणूस म्हणून चार जणांत मिरवत होतो. कुणाकडे काही मागायचं नाही म्हणून दोन दिवसांत गाळ काढला, पडलेल्या भिंतीचे दगड रचून ठेवले, भिजलेली कागदपत्रं जाळून टाकली. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा दाखवायला काहीच नव्हतं. एक फोटोसुद्धा नाही. शेजारच्या आत्याबाईंनी, ज्यांना सही करता येत नाही, नातवाकडून प्रत्येक खोलीचा फोटो काढून घेतला होता. नमाज त्या माझ्याइतकीच पढत होत्या. फरक उंटाचा.

हिजरतीची, म्हणजे पैगंबर (स.) मक्का सोडून मदिनेला निघाले ती, रात्र याच नजरेने वाचा. सौर गुहेत सोबती अबू बक्र (रजि.) यांना पैगंबरांकडून (स.) "दुःख करू नको, अल्लाह आपल्यासोबत आहे" हे शब्द ऐकायला मिळाले, ते सूरह तौबामध्ये आलेत (आयत ४०). त्याआधी काय काय झालं होतं? मदिना उत्तरेला, तर गुहा मक्केच्या दक्षिणेला निवडली. तीन रात्री तिथे थांबायचं ठरलं. अबू बक्रांचा मुलगा दिवसभर मक्केत कान देऊन रात्री खबर आणायचा. अबू बक्रांनी गुलामीतून सोडवलेले आमिर बिन फुहैरा शेळ्या घेऊन यायचे, दूध मिळायचं. वाटाड्या पैसे देऊन ठरवला, तो मुसलमानही नव्हता, पण वाट जाणणारा होता. एवढं झाल्यावर "ला तहजन", दुःख करू नको, आलं.

उजव्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीसाठी तीन गोष्टी लिहा: कुठलं कागदपत्र किंवा वस्तू लागेल, कुणाला भेटायचं, कुठल्या तारखेपर्यंत.

एक नमुना देतो. मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) झालेली मुलगी, पुढे इंजिनिअरिंगकडे जायचंय. महाराष्ट्रातल्या तंत्रशिक्षणाच्या प्रवेशात सीमाभागातून शिकलेल्या, मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळा प्रकार आहे. आपल्या कित्येक मुलांच्या शाळेच्या नोंदीत मातृभाषा 'उर्दू' लिहिलेली असते, घरी आणि दारी मराठी बोलत असले तरी. ती नोंद आज बघून घ्या. प्रवेशाच्या आठवड्यात बघून उपयोग नाही, आणि त्या आठवड्यात ढाळलेल्या अश्रूंना नशीब म्हणू नका.

सावधान. उंट बांधणं म्हणजे दहा उंट बांधत बसणंही नाही. एका कामासाठी तीन गोष्टी झाल्या की पुढे चला.

## ५. मशवरा, मग इस्तिखारा

सगळ्यांत जास्त घोळ इथे आहे, म्हणून जरा थांबून लिहितो.

आधी मशवरा. ज्याला त्या कामाची माहिती आहे त्याला विचारा. दुकान टाकायचं तर दुकानदाराला, शस्त्रक्रियेचं डॉक्टरला. मामू वडीलधारे आहेत म्हणून हृदयाच्या शस्त्रक्रियेबद्दल त्यांना विचारू नये. त्यांची दुआ घ्या, सल्ला डॉक्टरचा घ्या.

मन एका बाजूला झुकलं की इस्तिखारा, म्हणजे चांगलं ते निवडून दे असं अल्लाहकडे मागणं. पैगंबरांचे (स.) सोबती जाबिर (रजि.) यांनी सांगितलेली रीत साधी आहे: फर्ज (सक्तीची नमाज) सोडून दोन रकात (फेऱ्यांची) नमाज, मग इस्तिखाऱ्याची दुआ. दुआचा आशय असा की हे काम माझ्या दीनसाठी, जगण्यासाठी आणि शेवटासाठी चांगलं असेल तर ते मला दे, सोपं कर, त्यात बरकत दे; वाईट असेल तर ते माझ्यापासून वळव आणि मला त्याच्यापासून वळव, आणि चांगलं जिथे असेल तिथून मला दे, मग त्यात मला राजी कर.

होणाऱ्या चुका:

स्वप्नाची वाट बघणं. त्या हदीसमध्ये स्वप्नाचा, हिरव्या-लाल रंगाचा, मान कुठल्या बाजूला वळते याचा उल्लेखच नाही. एका घरात चांगलं स्थळ तीन महिने लटकत ठेवलं होतं, मुलाच्या आईला स्वप्न पडत नव्हतं. मुलीकडच्यांनी शेवटी दुसरीकडे ठरवलं.

दुसऱ्याकडून पैसे देऊन करून घेणं. काम तुमचं, दुआ तुम्ही मागा.

जे आधीच ठरलेलं आहे त्यासाठी करणं. आईवडिलांची औषधं आणू की नको, व्याजाचा धंदा करू की नको, यासाठी इस्तिखारा नसतो.

अरबी येत नाही म्हणून सोडून देणं. दुआ बघून वाचा. नमाज संपल्यावर हात उचलून आपल्या भाषेत मागा. निपाणीतल्या एका खालांनी मला दबक्या आवाजात विचारलं होतं, "मराठीत मागितलं तर पोचतं का ओ?" आयुष्यभर त्या शेजारणीकडून उर्दूत मागून घेत होत्या. पाळीच्या दिवसांत नमाज नसली तरी दुआ मागता येते, हेही पुष्कळ जणींना कुणी सांगितलेलं नसतं.

तपासा. इस्तिखाऱ्यानंतर पुढचं पाऊल टाकलं का? संकेताची वाट बघायची नाही, काम सुरू करायचं. ते सरकत गेलं तर सरकू द्या, अडलं तर तीही त्याच दुआची एक बाजू आहे.

## ६. आता तवक्कुल

"अल्लाह मालिक आहे" म्हणायची जागा ही. हदीसमधली पाखरं आठवा: सकाळी उपाशी निघतात, संध्याकाळी भरल्या पोटी परततात. घरट्यात बसून नाही, निघतात.

या पायरीवर करायचं ते एकच, ठरलेलं पुन्हा उकरायचं नाही. अर्ज दिला, तारीख वहीत आहे, तर त्या तारखेपर्यंत त्याबद्दल बोलणं बंद. मनात आलंच तर पायरी एकमधली हम्म-हजनची दुआ म्हणा. आणि "एवढी दुआ मागितली, कबूल होत नाही" असं म्हणू नका. बंदा घाई करून असं म्हणत नाही तोवर त्याची दुआ कबूल होत राहते, असं हदीसमध्ये आहे.

## ७. शुक्र

रोज रात्री शुक्राच्या, म्हणजे आभाराच्या, तीन ओळी. काल लिहिलेलं आज लिहायचं नाही, एवढाच नियम; चौथ्या-पाचव्या दिवशी डोकं खाजवावं लागतं आणि तिथून खरं बघणं सुरू होतं. दुनियेच्या बाबतीत आपल्यापेक्षा कमी असलेल्यांकडे बघा, ही शिकवण आहे, पण ती स्वतःपुरती ठेवा. दुखणाईताला "तुझ्यापेक्षा वाईट लोक आहेत" सांगणं हा शुक्र नव्हे, कठोरपणा आहे.

## ८. घाव बसला तर

सगळं बरोबर करूनही माणूस जातो, पीक जातं, नोकरी जाते. सब्र पहिल्या आघाताच्या वेळचाच, असं पैगंबर (स.) कबरीपाशी रडणाऱ्या एका बाईला म्हणाले होते. त्याचा अर्थ रडायचं नाही असा काढला जातो. तो चुकीचा आहे. पैगंबरांचा (स.) तान्हा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा त्यांचे स्वतःचे डोळे वाहत होते, आणि ते म्हणाले, डोळे रडतात, मन दुखतं, आणि आम्ही तेच बोलतो ज्याने आमचा रब राजी होईल. पैगंबर याकूब (अ.) यांचे डोळे हरवलेल्या मुलाच्या, युसूफच्या, दुःखाने पांढरे झाले, आणि त्याच याकूबांनी मुलांना सांगितलं, जा, युसूफला शोधा, अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नका (सूरह यूसुफ, ८४ आणि ८७). रडणं आणि उमेद एकाच माणसात, एकाच घरात.

म्हणून पहिले काही दिवस वही बंद ठेवा. फक्त नमाज, झोप आणि जेवण. त्यानंतर पुन्हा पायरी एकपासून, नवं पान.

घाव दुसऱ्याच्या घरी बसला असेल तर तिथे जाऊन यातली कुठलीही पायरी समजावून सांगू नका. चुलतभाऊ जाफर (रजि.) शहीद झाल्याची खबर आली तेव्हा पैगंबरांनी (स.) आपल्या लोकांना सांगितलं, जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करा. डाळ-भात घेऊन जा, ताटं तुम्हीच घासा, घरात लहान पोर असेल तर दोन तास आपल्याकडे घेऊन या. रिकामा डबा परत आणायला लगेच दुसऱ्या दिवशी जाऊ नका.